आधी खेळ, मग यंत्र

कवितेच्या माणसानं व्हिडिओ गेमच्या यंत्रावर काय बोलायचं, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याही घरात, नात्यात, मोहल्ल्यात मुलं आहेत. दहावीचा निकाल लागला, दिवाळी आली, ईदी हातात पडली की मागणी ठरलेली असते, 'आम्हाला कन्सोल घ्या.' मग आई-वडील चारचौघांना विचारत फिरतात. फ्रीज घेताना किती लिटरचा ते विचारायचं, मोटारसायकल घेताना अ‍ॅव्हरेज विचारायचं, हे आपल्याला पाठ आहे. कन्सोल घेताना नेमकं काय विचारायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि वस्तू स्वस्त नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्यात एखाद्या घराचे दोन-तीन महिने निघतात.

कन्सोल म्हणजे काय, ते आधी सांगतो. टीव्हीला जोडायचा, मुख्यतः खेळांसाठीच घडवलेला एक छोटा संगणक. सोबत हातात धरायचा कंट्रोलर. काही कन्सोल टीव्हीशिवायही चालतात, त्यांना स्वतःचाच पडदा असतो. या धंद्यात आज तीन मोठी नावं आहेत. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेंडोचा स्विच.

२०२४ साली माझा भाचा यातलं एक यंत्र घ्यायला निघाला. वय सतरा. आकडे तोंडपाठ. मला म्हणाला, "मामू, एक्सबॉक्स सिरीज एक्स बारा टेराफ्लॉप्सचा आहे, प्लेस्टेशन ५ दहाचा. म्हणजे एक्सबॉक्सच भारी ना?" टेराफ्लॉप्स म्हणजे यंत्र एका सेकंदात किती लाख कोटी गणितं करू शकतं त्याचं माप. आकडे त्यानं बरोबर सांगितले होते. पण दोन्ही यंत्रं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, एकाच आठवड्यात जगाच्या बाजारात आली आणि विक्रीत पुढे राहिला तो प्लेस्टेशन. २०२५ पर्यंत त्याची आठ कोटींहून जास्त यंत्रं गेली. म्हणजे घेणाऱ्यांनी दुकानात जाऊन गणितं मोजली नाहीत. मग त्यांनी काय पाहिलं?

हे समजायला मी त्याला आमच्या सोलापुरातली जुनी गोष्ट सांगितली. मी बी.ए.ला होतो, त्या काळात गल्लीबोळांतून व्हिडिओ गेमची छोटी दुकानं निघाली होती. एका खोलीत दोन-तीन टीव्ही, त्यांना जोडलेली यंत्रं, आणि तासावर पैसे. ही यंत्रं बहुतेक जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला असत. कंट्रोलरला पोरं 'रिमोट' म्हणायची आणि खेळाच्या कार्ट्रिजला 'कॅसेट'. दारात आलेला एकही मुलगा विचारायचा नाही की यंत्र कुठल्या कंपनीचं आहे. तो विचारायचा, "कॉन्ट्रा आहे का? मारिओ आहे का?" नसेल तर पुढच्या दुकानात. आणि कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा असल्यामुळे तो कधी एकटा यायचा नाही. सोबत दोस्त असायचाच.

त्या कॅसेटवर '९९९ इन वन' असं छापलेलं असायचं. घरी लावून पाहिलं की कळायचं, खेळ मोजून वीस-पंचवीस, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा दिलेले. डब्यावरचा आकडा आणि आतला ऐवज यांत अंतर असतं, हा धडा मुलं तेव्हाच शिकली. टेराफ्लॉप्सच्या जाहिराती वाचताना मला ती कॅसेट आठवते. फरक इतकाच की हे आकडे खरे असतात. पण आपल्या आनंदाचं माप त्यांत नसतं.

कन्सोलचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. अमेरिकेत १९७७ साली अटारी कंपनीचा एक कन्सोल आला. पुढे तो 'अटारी २६००' या नावानं प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्याची विक्री बेताचीच होती. १९८० साली 'स्पेस इनव्हेडर्स' हा गाजलेला खेळ त्यावर आला आणि लोक त्या एका खेळासाठी यंत्र विकत घेऊ लागले. खेळानं यंत्र खपवलं. पुढे उलटंही घडलं. पैसा दिसताच जो तो खेळ काढू लागला आणि बाजारात कच्च्या मालाचा ढीग पडला. 'ई. टी.' या १९८२ च्या चित्रपटावरचा खेळ तर जेमतेम पाच आठवड्यांत उरकला होता. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. अटारीनं न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाजवळच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ साली तिथं खणलं, तेव्हा त्या खरोखरच सापडल्या. यंत्र तेच होतं. खेळांवरचा विश्वास उडाला, एवढंच झालं होतं.

निन्टेंडोनं हे ओळखलं. १९८५ मध्ये अमेरिकेत उतरताना त्यांनी यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवली. कंपनीनं परवानगी दिलेल्या कॅसेटीच त्यात चालाव्यात, हा हेतू. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला ठरावीकच खेळ काढायची मुभा दिली. यात धंद्याची पकड होतीच, पण घेणाऱ्याला एक भरवसाही मिळाला.

दुसरं उदाहरण मला कवी म्हणून फार आवडतं. १९८९ साली निन्टेंडोनं 'गेम बॉय' काढला. हातात मावणारा, पडदा हिरवट, रंग नाहीत. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीनं 'गेम गियर' आणला. त्याचा पडदा रंगीत आणि उजेडाचा. कागदावर सेगा सरस. पण गेम गियरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन-चार तासांत संपायचे. गेम बॉयचं काम चार सेलवर कितीतरी जास्त तास चालायचं. शिवाय अमेरिकेत त्याच्यासोबत 'टेट्रिस' यायचा. वरून पडणारे तुकडे जुळवायचे, बस्स. लहान मुलगा खेळेल आणि आजोबाही. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटी ऐंशी लाखांवर यंत्रं विकली गेली. गेम गियर सुमारे एक कोटीवर थांबला. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई यांचं म्हणणंच असं होतं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. दोन ओळींच्या शेरात आयुष्य मावतं, हे ज्याला माहीत आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

मग ताकदीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण ती खेळाच्या कामी आली तर. १९९४ साली सोनी या धंद्यात उतरली. तिच्या प्लेस्टेशनमध्ये सीडी चालत होती. निन्टेंडोनं १९९६ च्या आपल्या नव्या यंत्रात कॅसेटच ठेवली. सीडीवर कितीतरी जास्त मजकूर मावतो आणि ती स्वस्तात छापता येते. 'फायनल फँटसी' ही खेळमाला तोवर निन्टेंडोकडे होती. १९९७ चा तिचा सातवा भाग तीन सीडींचा झाला आणि तो गेला प्लेस्टेशनवर. मागोमाग गिऱ्हाईकही गेलं. २००० सालच्या प्लेस्टेशन २ नं तर आणखी शहाणपण केलं. आधीच्या यंत्राच्या बहुतेक सीडी त्यात चालायच्या आणि सिनेमाच्या डीव्हीडीसुद्धा. वडिलांना सिनेमा, मुलांना खेळ, आणि जुने खेळ वाया जायचे नाहीत. सोळा कोटींवर यंत्रं खपली. कन्सोलच्या इतिहासात असा खप दुसऱ्या कुणाला तोवर साधला नव्हता.

आता पैशाचं बोलू, कारण आपल्या घरात निर्णय तिथंच होतो. दुकानदार सांगतो ती यंत्राची किंमत. पण या धंद्याचं गणित असं आहे की कंपनी यंत्रावर थोडाच नफा घेते. कधी कधी तोटाही सोसते, प्लेस्टेशन ३ च्या वेळी सोनीनं तो सोसला. कमाई होते ती खेळांवर, कारण त्या यंत्रासाठी निघणाऱ्या प्रत्येक खेळात तिचा वाटा असतो. प्लेस्टेशन ५ आला तेव्हा त्याचे मोठे खेळ चार-पाच हजारांच्या घरात होते. दहा खेळ घेतले की यंत्राएवढे पैसे पुन्हा गेले. त्यात इंटरनेटवरून इतरांशी खेळायचं तर बहुतेक खेळांना वर्गणी लागते. दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो. मोठे खेळ शंभर जीबीच्याही पुढे जातात, म्हणजे घरातलं इंटरनेट तसं हवं. तेव्हा किंमत विचारायची ती तीन वर्षांची. स्वस्त दिसणारं यंत्र तीन वर्षांत महाग पडू शकतं.

यातूनच पुढचा मुद्दा येतो, खेळ घेतल्यावर तो आपला होतो का? पुस्तक घेतलं की ते आपलं. वाचून झालं की बहिणीला द्या, रद्दीत घाला, फुटपाथवर अर्ध्या किमतीत विका. डिस्कवरच्या खेळाचंही तसंच होतं. २०१३ साली मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं येणार होती आणि यंत्राला चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावावी लागणार होती. लोक भडकले. सोनीनं लगेच काही सेकंदांची चित्रफीत काढली. एक माणूस खेळाची डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, झालं. शिवाय त्यांचं यंत्र शंभर डॉलरनं स्वस्त होतं. मायक्रोसॉफ्टनं त्याच जूनमध्ये अटी मागे घेतल्या, पण लोकांच्या मनातून त्या गेल्या नाहीत.

मुलांनी घरात ही गोष्ट जरूर बोलावी, कारण अशी बंधनं आता आडवाटेनं आलीच आहेत. एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती यांत डिस्कची खाचच नाही. खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यायचा. तो मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. आणि दुकान बंद झालं तर? निन्टेंडोनं २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. तिथं नवी खरेदी संपली. कधी कधी डिस्कही कामाला येत नाही. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ साली निघाला होता. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या कपाटात मुका झाला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून असा कायदा आहे की डिजिटल खेळ विकताना 'तुम्हाला मालकी नाही, फक्त वापरण्याचा परवाना मिळतो आहे' हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपण नीट समजून घेतलं तर तो परवाना घ्यायलाही हरकत नाही. पण ते समजून घेतलेलं असावं.

राहिली सोबत. घरोघरी मोबाइल आहे आणि त्यावर फुकट खेळ आहेत. मग हजारो रुपये घालून कन्सोल कशाला? याचं मला पटलेलं उत्तर निन्टेंडोच्या 'वी' या यंत्रानं दिलं. २००६ साली ते आलं तेव्हा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्यापुढे ताकदीनं अगदीच दुबळं होतं. पण त्याचा रिमोट हातात धरून बॅट फिरवल्यासारखा हात फिरवला की पडद्यावर टेनिसचा फटका बसायचा. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आजी-आजोबा त्यावर बोलिंग खेळू लागले. आयुष्यात ज्यांनी व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, ती माणसं टीव्हीपुढे उभी राहिली. त्या यंत्राचा खप दहा कोटींच्या वर गेला. आणि याच कंपनीचं पुढचं यंत्र, २०१२ चा 'वी यू', दीड कोटीलाही पोचलं नाही. नावावरून अनेकांना ते जुन्याच यंत्राचं एखादं जोडउपकरण वाटलं आणि लोकांनी धावत जावं असे खेळ सुरुवातीला त्यावर फारसे नव्हते.

सोबत म्हणजे नुसती घरातली नव्हे, दोस्तांचीही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरची मुलं पूर्वी सहसा एकत्र खेळू शकत नसत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये 'फोर्टनाइट'पासून सोनीनं ही भिंत थोडी उघडली. तेव्हापासून बऱ्याच खेळांत हे जमू लागलं, पण सगळ्यांत नाही. म्हणून वर्गातल्या चार मित्रांकडे जे यंत्र आहे, तेच पाचव्याला हवं असतं. आई-वडिलांना तो हट्ट वाटतो. खरं तर त्यात हिशेब असतो. क्रिकेटची टीम ज्या मैदानावर जमते, तिथंच पोरगं जाणार.

आपल्याकडे एक वेगळी अडचणही असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. प्राचीन भारतातली गोष्ट, भावाला शोधायला निघालेली मुलगी. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला. आणि त्या वेळी स्विच भारतात कंपनीतर्फे अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात घडलेला खेळ, आणि तो चालवणारं यंत्र पुण्यात घ्यायचं तर बाहेरून आणलेलं. असं यंत्र मिळतं, चालतंही. पण बिघडलं तर वॉरंटी कोण देणार? म्हणून यंत्र अधिकृत आहे का, दुरुस्ती कुठं होते, हे बिल करण्याआधी विचारावं.

माझ्या भाच्याला मी यंत्र सुचवलं नाही. त्याला म्हटलं, "कागद घे आणि पुढच्या वर्षभरात तुला खरोखर खेळायचे आहेत ते खेळ लिही." त्यानं चार लिहिले. त्यांतला क्रिकेटचा आणि फुटबॉलचा खेळ दोन्हीकडे मिळत होता. गाड्यांच्या शर्यतीचाही दोन्हीकडे. चौथा 'स्पायडरमॅन २', तो कन्सोलमध्ये फक्त प्लेस्टेशनवर. मग मित्र मोजले. दोघांकडे प्लेस्टेशन, एकाकडे काहीच नाही. त्याच्या अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "जुना खेळ विकता येईल का?" त्यामुळे डिस्कचं यंत्र ठरलं. टेराफ्लॉप्सचा विषय पुन्हा निघाला नाही. आता तिघे मित्र मिळून एकेक खेळ घेतात आणि डिस्क फिरवतात. लायब्ररीचं पुस्तक फिरावं तशी.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. दुकानात जाण्याआधी घरात बसून पाच प्रश्न विचारा. कोणते खेळ खेळायचे आहेत आणि ते या यंत्रावर आहेत का? तीन वर्षांचा सगळा खर्च किती? कुणासोबत खेळणार, घरात आणि बाहेर? घेतलेला खेळ दुसऱ्याला देता येईल का, आणि जुने खेळ यावर चालतील का? यंत्र बिघडलं तर जायचं कुठं? आणि खेळ निवडताना कव्हरच्या कोपऱ्यातला वयाचा आकडा पाहा. युरोपच्या पद्धतीत तो ३, ७, १२, १६ किंवा १८ असा छापलेला असतो. तो आकडा शोभेसाठी नसतो.

या पाच प्रश्नांची उत्तरं मुलाकडूनच लिहून घ्या. निम्मी उत्तरं त्याला आधीच माहीत असतील, उरलेली तो शोधून आणेल. घरातली एवढी मोठी खरेदी कशी करायची, हे त्याला त्यातूनच कळेल. यंत्र पाच-सात वर्षांत जुनं होईल. ते शिक्षण जुनं होणार नाही.